मेंदूचा फोटो कसा वाचतात?

नाशिक जिल्ह्याच्या सुरगाणा तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावरचे सत्तरी ओलांडलेले आजोबा आठवडे बाजारातून परतताना रोजची वाट चुकले, तर घरचे लोक बहुतेक वेळा ‘म्हातारचळ लागला’ म्हणतात आणि विषय तिथेच संपतो. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण तर साऱ्या महाराष्ट्राच्या तोंडी आहे. वय झाले की विसरणे आलेच, असे आपण धरून चालतो. गेल्या पन्नासेक वर्षांत जिवंत माणसाच्या मेंदूचे फोटो काढण्याच्या ज्या पद्धती निघाल्या, त्यांनी ही समजूत खोडून काढली आहे. वयाने होणारा बदल वेगळा आणि आजाराने होणारी झीज वेगळी, हे त्यांनी डोळ्यांना दाखवले.

हे फोटो कसे निघतात, त्यात काय दिसते आणि सुरगाण्यासारख्या तालुक्यातल्या घराला त्याचा काय उपयोग, हे इथे क्रमाने पाहू. एक गोष्ट मात्र आधीच लक्षात ठेवावी. मेंदूचा कोणताही फोटो एकट्याने काही सांगत नाही. तो कशाशी तरी ताडून पाहिला, तरच बोलतो.

वय कुठे संपते, आजार कुठे सुरू होतो

साठीनंतर निरोगी माणसाचा मेंदूही वर्षाला साधारण अर्धा टक्का आक्रसत जातो. त्यामुळे नावे पटकन आठवत नाहीत आणि नवी गोष्ट शिकायला वेळ लागतो. तरीही असा माणूस व्यवहार सांभाळतो, नागलीची रोपे कधी लावायची ते बरोबर सांगतो आणि विसरलेले नाव थोड्या वेळाने त्याला आठवते.

अल्झायमरच्या आजारात वेगळेच घडते. अमायलॉइड नावाचे प्रथिन मेंदूतल्या पेशींच्या बाहेर साचत जाते, टाऊ नावाचे प्रथिन पेशींच्या आत गुंता करते आणि पेशी मरू लागतात. जर्मन डॉक्टर आलोइस अल्झायमर यांनी 1906 साली हे साचणे आणि हा गुंता लोकांपुढे मांडला, तो मृत रुग्णाच्या मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहून. त्यानंतर जवळजवळ शतकभर या आजाराची पक्की खात्री माणूस गेल्यावरच पटत असे.

यात सर्वात आधी मार खाणाऱ्या भागांपैकी एक म्हणजे हिप्पोकॅम्पस. दोन्ही कानांच्या आतल्या बाजूला, मेंदूत खोलवर, चार-पाच सेंटिमीटर लांबीचा हा भाग एकेक असतो. आज घडलेली गोष्ट उद्यासाठी साठवायची, तर त्याची गरज लागते. म्हणूनच अल्झायमरच्या रुग्णाला लग्नातली वरात आठवते, पण सकाळी जेवलो की नाही ते आठवत नाही. निरोगी म्हातारपणात हिप्पोकॅम्पस वर्षाला सुमारे दीड टक्का आक्रसतो, तर अल्झायमरमध्ये साधारण साडेचार टक्के. वय आणि आजार यांतला फरक या गतीत आहे.

सगळा स्मृतिभ्रंश अल्झायमरचा नसतो. रक्तदाब वर्षानुवर्षे वाढलेला राहिला की मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात आणि त्यांच्यावर अवलंबून असलेला भाग हळूहळू मरतो. कंपवातात, म्हणजे पार्किन्सनच्या आजारात, मेंदूच्या तळाकडच्या डोपामाइन तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात.

पहिली पायरी : सीटी स्कॅन

1 ऑक्टोबर 1971 रोजी लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्यांदा एका रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन निघाला. यंत्र गॉडफ्री हाउन्सफील्ड यांनी घडवले होते. साध्या एक्स-रेमध्ये सगळे एकावर एक दिसते आणि कवटीच्या हाडामागे मेंदू झाकला जातो. सीटीमध्ये एक्स-रेचा स्रोत डोक्याभोवती फिरतो. प्रत्येक कोनातून किती किरण पलीकडे पोचले ते मोजले जाते आणि त्या हजारो मोजमापांवरून संगणक आतला एकेक काप गणिताने उभा करतो.

सीटीला हिप्पोकॅम्पसचे बारकावे नीट दिसत नाहीत. त्याचे मोल दुसरीकडे आहे. म्हातारपणी विसराळूपणाची जी काही कारणे बरी होऊ शकतात, त्यांतली बरीचशी तो दाखवतो. समजा, आजी ओट्यावरून घसरल्या, डोक्याला थोडे लागले, रक्तही आले नाही म्हणून कोणी मनावर घेतले नाही. अशा वेळी कवटी आणि मेंदू यांच्या मध्ये रक्त हळूहळू साचत जाऊ शकते. तीन-चार आठवड्यांनी आजी गोंधळल्यासारख्या वागतात, झोपून राहतात, एक पाय ओढतात. घरचे म्हणतात, वय झाले. सीटीवर मात्र मेंदूच्या कडेला साचलेल्या रक्ताची कोर दिसते. मेंदूविकार शल्यचिकित्सक कवटीला छोटे छिद्र पाडून ते रक्त काढतात आणि माणूस पुन्हा पहिल्यासारखा होऊ शकतो.

दुसरे कारण म्हणजे मेंदूतल्या पोकळ्यांमध्ये पाणी साठणे. चाल बिघडते, पाय जमिनीला चिकटल्यासारखे पडतात, लघवीवर ताबा राहत नाही आणि विसरणे वाढते. ही तीन लक्षणे एकत्र असतील आणि स्कॅनमध्ये पोकळ्या मोठ्या दिसल्या, तर पाण्याला नळीने वाट करून देता येते. योग्य रुग्णाला त्याचा उपयोग होतो. गाठ, पक्षाघाताचा जुना झटका, डुकरातल्या फीतकृमीच्या अळ्यांमुळे झालेल्या मेंदूतल्या गाठी हेही सीटीवर सापडते.

दुसरी पायरी : एमआरआय

एमआरआयमध्ये एक्स-रे नसतात. तिथे काम करते ते आपल्याच शरीरातले पाणी. पाण्याच्या प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे दोन अणू असतात आणि त्यांच्या केंद्रातला प्रोटॉन हा इवलासा चुंबकच असतो. एरवी हे चुंबक वाट्टेल त्या दिशेला तोंड करून असतात. रुग्णालयातल्या नेहमीच्या यंत्राचे चुंबकीय क्षेत्र 1.5 टेस्ला असते, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या 30,000 पटींहून अधिक. त्यात शिरल्यावर दर दहा लाख प्रोटॉनमागे अवघे चार-पाच जास्तीचे प्रोटॉन क्षेत्राच्या दिशेने झुकतात. एवढ्यावरच सगळे काम चालते, कारण पाण्याच्या थेंबातही प्रोटॉन अगणित असतात.

मग यंत्र 64 मेगाहर्ट्झच्या आसपासच्या रेडिओ लहरी सोडते. एफएम रेडिओ लागतो त्या पट्ट्याच्या जरा खालची ही वारंवारता आहे. झुकलेले प्रोटॉन ही ऊर्जा घेतात आणि लहर थांबली की पुन्हा आपल्या जागी परततात. परतताना ते स्वतःच एक क्षीण रेडिओ संदेश देतात आणि यंत्र तो टिपते. मेंदूच्या करड्या भागातले, स्निग्ध आवरण असलेल्या तंतूंच्या पांढऱ्या भागातले आणि पोकळीतल्या पाण्यातले प्रोटॉन वेगवेगळ्या वेळात परततात. चित्रातला फिका-गडद फरक त्यातूनच येतो. संदेश नेमका कुठून आला हे कळण्यासाठी चुंबकीय क्षेत्रात जागेनुसार किंचित बदल करत राहावे लागते. हे बदल करणारी वेटोळी थरथरतात आणि यंत्रातला तो मोठा ठकठक आवाज होतो. यंत्र बिघडल्याचा तो आवाज नसतो, हे म्हाताऱ्या माणसाला आत नेण्यापूर्वी सांगितलेच पाहिजे. तो आवाज कानांना त्रास देऊ नये म्हणून कानांत बोळे घालतात.

तयारीच्या वेळी काही गोष्टी जपाव्या लागतात. चांदीच्या साखळ्या, पायातली वाळी, कानातले, मण्यांची माळ ओवलेली तार हे सगळे बाहेर काढून ठेवावे. हृदयाला पेसमेकर असेल, शरीरात शस्त्रक्रियेत घातलेला धातू असेल किंवा काम करताना डोळ्यात लोखंडाचा कण गेलेला असेल, तर ते आधी सांगायचे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये बसवलेल्या भिंगाला अडचण नसते. कोकणा आणि वारली समाजातल्या जुन्या पिढीतल्या बायकांच्या हातावर, कपाळावर गोंदण असते. त्याबद्दलही तंत्रज्ञाला सांगावे. रंगात लोह असेल तर क्वचित त्या जागी गरम लागते किंवा चुरचुरते. तसे झाले तर आतून हाक मारायची. गोंदणामुळे एमआरआय नाकारायचे मात्र कारण नाही. वीस ते तीस मिनिटे न हलता पडून राहणे हेच खरे अवघड काम. मान जराशी हलली तरी चित्र पुसट होते. म्हणून आजींच्या बोलीत बोलणारे घरचे माणूस दारापर्यंत सोबत असावे.

एकाच बैठकीत चित्रांच्या अनेक मालिका काढतात. एका मालिकेत मेंदूची रचना स्वच्छ दिसते. दुसरीत पोकळीतले पाणी काळे करून टाकतात, त्यामुळे पांढऱ्या भागातल्या जुन्या इजा ठिपक्यांसारख्या उजळून उठतात. तिसरीत सुईच्या टोकाएवढे जुने रक्तस्रावही सापडतात. चौथी काही तासांपूर्वी आलेला झटका दाखवते.

वाचन कसे होते

रेडिओलॉजिस्ट समोरून घेतलेले काप एकामागून एक सरकवत हिप्पोकॅम्पसपाशी थांबतात. तो भाग किती भरीव आहे, त्याच्या कडेची फट किती रुंद झाली आहे, शेजारची पोकळी किती फुगली आहे, हे पाहून 0 ते 4 असे गुण देतात. ही शेल्टन्स यांची पद्धत 1992 सालची. 75 वर्षांखालच्या माणसाला 2 गुण मिळाले तर ते काळजीचे समजतात, 75 वर्षांवरच्याला मात्र 3 मिळाले तरच. चित्र तेच असते, वय बदलले की निष्कर्ष बदलतो. पांढऱ्या ठिपक्यांसाठी फाझेकास यांची 0 ते 3 अशी श्रेणी 1987 पासून वापरात आहे. सत्तरीतल्या माणसाच्या मेंदूत दोन-चार ठिपके असणे नवल नाही. पण ते एकमेकांना जोडून मोठे पट्टे झाले असतील, तर रक्तदाबाची चौकशी व्हायलाच हवी.

नाशिकच्या आदिवासी तालुक्यांत आणखी एक प्रश्न विचारला गेला पाहिजे : सिकलसेलची तपासणी झाली आहे का? या आजारात विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी रक्तवाहिन्या अडवतात आणि कोणतेही लक्षण न दिसता लहानपणीच मेंदूत छोट्या इजा होऊ शकतात. वाचणाऱ्याला हे माहीत नसेल, तर त्या ठिपक्यांचा अर्थ चुकीचा लागू शकतो.

तिसरी पायरी : पेट स्कॅन

सीटी आणि एमआरआय मेंदूचा आकार दाखवतात, तर पेट स्कॅन त्याचे काम दाखवतो. मेंदूचे वजन शरीराच्या 2 टक्के असते, पण तो सुमारे 20 टक्के ऊर्जा खर्च करतो. साखरेच्या रेणूला फ्लोरिन-18 हा किरणोत्सारी अणू जोडून ते द्रावण शिरेतून देतात. जिथे पेशी काम करत असतात तिथे ही साखर जास्त जाते. फ्लोरिनमधून पॉझिट्रॉन निघतो, जवळच्या इलेक्ट्रॉनवर आदळून दोघेही नष्ट होतात आणि दोन गॅमा किरण बरोबर विरुद्ध दिशांना निघतात. डोक्याभोवतीच्या कड्यातल्या समोरासमोरच्या दोन शोधकांवर ते एकाच क्षणी पोचले, की त्या रेषेवर कुठेतरी साखर होती हे कळते. अल्झायमरमध्ये मेंदूचा मागचा-वरचा आणि कानाजवळचा भाग साखर कमी घेताना दिसतो. वागणूक आधी बिघडवणाऱ्या दुसऱ्या एका स्मृतिभ्रंशात समोरचा भाग मंदावतो.

खुद्द अमायलॉइडला चिकटणारे द्रव्य पिट्सबर्ग विद्यापीठातले विल्यम क्लंक आणि चेस्टर मॅथिस यांनी तयार केले आणि त्यांच्या गटाने 2004 साली त्याचे निष्कर्ष छापले. आलोइस अल्झायमर यांना सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेली गोष्ट तेव्हापासून जिवंत माणसात दिसू लागली. कंपवाताच्या तपासणीत डोपामाइनच्या टोकांना चिकटणारे द्रव्य देतात. निरोगी मेंदूत दोन्ही बाजूंना स्वल्पविरामासारखे आकार उजळतात. आजारात त्यांची शेपटी विझते आणि पूर्णविराम उरतो.

भारतातला पहिला पेट स्कॅनर आणि त्यासाठी लागणारे पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन 2002 साली मुंबईत, परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये आले. फ्लोरिन-18 दर 110 मिनिटांनी निम्मे होते. मुंबईत भरलेली कुपी रस्त्याने नाशिकला पोचेपर्यंत चार तास गेले, तर मूळ किरणोत्सारापैकी पाव हिस्साही उरत नाही. म्हणूनच हे तंत्र मोठ्या शहरांभोवतीच राहते. घाटमाथ्यावरच्या, गुजरातच्या सीमेला लागलेल्या सुरगाण्याहून नाशिक सुमारे 90 किलोमीटर आहे. स्मृतिभ्रंशाच्या बहुतेक रुग्णांना पेट लागतही नाही, ही दिलाशाची बाब.

अंगणवाडीचा तक्ता आणि मेंदूचा तक्ता

सुरगाण्यातल्या प्रत्येक आईला अंगणवाडीतला वाढीचा तक्ता माहीत असतो. मुलाचे वजन 9 किलो, एवढ्यावरून काहीच कळत नाही. वय कळले की कळते आणि दोन महिन्यांनी पुन्हा वजन केले की दिशा कळते. मेंदूचा फोटोही असाच वाचतात. हे साम्य शास्त्रज्ञांनी शब्दशः घेतले आणि 2022 साली ‘नेचर’मध्ये मेंदूचा असा तक्ता छापून आला. त्यासाठी 1 लाखाहून अधिक माणसांचे सुमारे 1 लाख 24 हजार एमआरआय एकत्र केले होते. गर्भातल्या बाळापासून शंभरीतल्या माणसापर्यंतचे. करडा भाग सहाव्या वर्षाच्या आसपास सर्वाधिक होतो, पांढरा भाग तिशीच्या जरा आधी, आणि साठीनंतर पोकळ्या झपाट्याने वाढतात, हे त्यातून दिसले.

पण या तक्त्यात बहुतांश मेंदू युरोप आणि उत्तर अमेरिकेतले होते, आणि तक्ता करणाऱ्यांनी ही मर्यादा स्वतःच नोंदवली. ही बाब क्षुल्लक नाही. हैदराबादच्या ट्रिपल आयटीने 2019 साली 100 तरुण भारतीयांच्या स्कॅनवरून एक नकाशा तयार केला. तेव्हा भारतीय मेंदूची सरासरी लांबी, रुंदी आणि उंची पाश्चात्त्य नकाशापेक्षा कमी निघाली. त्याने बुद्धीत काही उणे होत नाही. पण परक्या तक्त्यावर ठेवले, तर निरोगी मेंदूही आक्रसलेला वाटण्याचा धोका असतो. मुलांच्या वाढीचे जागतिक निकष 2006 साली आले, तेव्हा ते सहा देशांतल्या मुलांवरून ठरवले होते आणि त्यांत भारतही होता. मेंदूच्या बाबतीत ते काम अजून व्हायचे आहे.

त्या दिशेने एक चांगले पाऊल कर्नाटकात पडले आहे. बंगळूरच्या सेंटर फॉर ब्रेन रिसर्चने कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपूर तालुक्यात 2018 पासून एक मोठा अभ्यास चालवला आहे. 45 वर्षांवरचे 10,000 खेडूत वर्षानुवर्षे तपासायचे, त्यांचे रक्त, स्मरणशक्ती, जनुके आणि मेंदूचे एमआरआय पाहायचे, असे त्याचे उद्दिष्ट आहे. एकाच माणसाचे काही वर्षांच्या अंतराने निघालेले दोन फोटो हे त्याचे खरे धन. भारतातल्या साठीवरच्या लोकांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण 7.4 टक्के, म्हणजे सुमारे 88 लाख माणसे, असा अंदाज 2023 साली देशव्यापी पाहणीतून आला आणि शहरांपेक्षा खेड्यांत हे प्रमाण अधिक होते. मग तक्ता घडवताना खेडी मागे का राहावीत?

फोटो काय सांगत नाही

अमायलॉइडच्या चाचण्यांच्या आकडेवारीनुसार स्मरणशक्ती शाबूत असलेल्या 80 वर्षांच्या लोकांपैकी सुमारे एक तृतीयांश जणांच्या मेंदूत अमायलॉइड साचलेले असते. म्हणजे साचणे दिसले म्हणून माणूस आजारी ठरत नाही. फोटो मेंदू दाखवतो, माणसाचे जगणे दाखवत नाही. ते घरच्यांनाच सांगावे लागते.

स्मरणशक्तीच्या कागदी चाचण्यांमध्ये वाक्य लिहा, आकृती काढा, असे प्रश्न असतात. शाळेची पायरी न चढलेल्या आजोबांना ते येत नाहीत, म्हणून त्यांना आजार झाला असे होत नाही. आजोबा स्वतः जी कामे करत आले, त्यांत काय बदलले हे विचारावे लागते. इथे सुरगाण्याच्या घरांकडे एक मोठी ताकद आहे. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला जातात आणि होळीला परततात. रोज सोबत राहणाऱ्याला हळूहळू होणारा बदल जाणवत नाही. चार महिन्यांनी परतलेल्या मुलाला, सुनेला तो लगेच दिसतो. जाताना बा वरईच्या पेंढ्या मोजून सांगत होते, आता सांगता येत नाही. जाताना नातवंडांची नावे घेत होते, आता गोंधळतात. असे दोन मुक्कामांमधले फरक लिहून किंवा पाठ करून डॉक्टरांना सांगावेत. दोन स्कॅन जे काम करतात, तेच हे सांगणे करते.

क्रम असा ठेवावा. आधी सुरगाण्याचे ग्रामीण रुग्णालय : रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन, सिकलसेल, थायरॉइड, जीवनसत्त्व बी-12. थायरॉइड किंवा बी-12 कमी असले, तरी विसरणे वाढते आणि औषधाने ते सुधारते. कानाने ऐकू येते का आणि मोतीबिंदू आहे का, हेही पाहावे. मग डॉक्टर सांगतील तेव्हा सीटी किंवा एमआरआय. पडल्यानंतर गोंधळ सुरू झाला, चाल अचानक बिघडली, एका बाजूची शक्ती गेली, तर मात्र एक दिवसही थांबू नये.

या महागड्या फोटोंनी पाड्यावरच्या माणसाला काय दिले, याचे उत्तर एका अमेरिकी चाचणीत सापडते. ‘स्प्रिंट माइंड’ या अभ्यासाचा एमआरआयचा भाग 2019 साली प्रसिद्ध झाला. वरचा रक्तदाब 140 खाली ठेवायचा नेहमीचा उपचार आणि 120 खाली आणायचा कडक उपचार, अशा दोन गटांच्या मेंदूंचे सुमारे 4 वर्षांच्या अंतराने एमआरआय काढले. कडक उपचाराच्या गटात पांढऱ्या भागातल्या इजा सरासरी 0.92 घनसेंटिमीटरने वाढल्या, दुसऱ्या गटात 1.45 ने. किती खाली आणायचा ते डॉक्टर प्रत्येकाचे पाहून ठरवतील. पण रक्तदाब ताब्यात ठेवला की मेंदूच्या पांढऱ्या भागातल्या इजा सावकाश वाढतात, हे फोटोने मोजून दाखवले. रक्तदाबाची गोळी उपकेंद्रात मिळते, ती रोज घेणे हाही मेंदूचा उपचार आहे.

आणि राहता राहिला तक्ता. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय नाशिकमध्येच आहे. श्रीनिवासपूरसारखा अभ्यास सुरगाणा, पेठ, कळवण या तालुक्यांत उभा राहिला, इथल्या कोकणा, वारली आणि महादेव कोळी आजी-आजोबांचे मेंदू त्यांच्या संमतीने आणि त्यांच्या बोलीत समजावून वर्षानुवर्षे पाहिले गेले, तर त्यांच्या नातवंडांचा एमआरआय परक्या मापाने वाचावा लागणार नाही. हे काम आज सुरू केले तरी फळ यायला दहा-पंधरा वर्षे लागतील. म्हणूनच ते आताच सुरू व्हायला हवे.